डीफोचे प्लेगवर्ष आणि महामारीचा जमाखर्च

डॅनियल डीफो ह्या इंग्रज ग्रंथकाराचे नाव 'रॉबिन्सन क्रूसो'मुळे आपल्याकडील शाळकरी मुलांसही परिचित आहे. त्याचेच दुसरे एक पुस्तक, 'अ जर्नल ऑफ द प्लेग इयर', १७२२ च्या मार्च महिन्यात लंडन येथे प्रसिद्ध झाले. १६६५ साली त्या शहरात जो मोठा प्लेग झाला, त्याची ही हकीकत आहे. वाङ्मयाचे इतिहासकार ह्या पुस्तकाची बोळवण बहुधा एकदोन परिच्छेदांत करितात. २०२० साली कोव्हिडच्या साथीत ते एकाएकी पुष्कळांच्या हाती आले; परंतु तेव्हाही वाचकांनी त्यातून उचलली ती भयाची चित्रे. रात्री घंटा वाजवीत फिरणाऱ्या प्रेतांच्या गाड्या, वेडाच्या भरात रस्त्यातून उघडा धावणारा रोगी, ऑल्डगेटच्या स्मशानातील तो प्रचंड खड्डा, हीच काय ती सर्वांच्या लक्षात राहिली. ही चित्रे भेदक आहेत ह्यात शंका नाही. पण त्या खड्ड्यापाशी उभा असतानासुद्धा डीफोचा निवेदक काय करतो ते पाहण्यासारखे आहे. तो त्याची लांबी, रुंदी आणि खोली सांगतो, आणि ६ सप्टेंबरपासून पंधरवड्याच्या आत त्यात १,११४ प्रेते पडली हे नोंदून ठेवतो. हा मनुष्य व्यापारी आहे, आणि त्याचे पुस्तक ही एका व्यापाऱ्याची खतावणी आहे. माणसांना एकमेकांपासून दूर ठेवावे तर पोट चालत नाही आणि पोटासाठी जवळ यावे तर प्राण जातो, ह्या पेचाचा जमाखर्च त्याने त्या खतावणीत मांडला आहे. आणि पुस्तकाचे खरे मोल, आमच्या मते, ह्या जमाखर्चात आहे.

लिहिणाऱ्याचे पूर्वचरित्र येथे विसरून चालणार नाही. १६६५ च्या प्लेगात डीफो सुमारे पाच वर्षांचा होता. तेव्हा पुस्तकातील 'मी' हा तो स्वतः नव्हे. पुढे तो मोज्यांचा व्यापारी झाला, १६९२ साली १७,००० पौंडांच्या कर्जाखाली त्याचे दिवाळे निघाले, मग त्याने टिलबरी येथे विटाकौलांचा कारखाना काढला आणि तोही बुडाला. व्यापार थांबला म्हणजे माणसाचे काय होते, हे त्याला कोणी शिकवावयास नको होते. पुस्तक लिहिण्याचे निमित्तही व्यापारातूनच आले. १७२० साली मार्सेय बंदरात पूर्वेकडून एक जहाज प्लेग घेऊन आले. त्यातील रेशीम-कापूस बोकेरच्या जत्रेस वेळेवर पोहोचावा म्हणून बंदरातील क्वारंटाईनचे नियम सैल केले गेले, असे सांगतात. त्या शहराची जवळजवळ निम्मी वस्ती पुढे मेली. इंग्लंडात धास्ती पसरली. १७२१ साली पार्लमेंटाने क्वारंटाईनचा एक कडक कायदा केला. रोग झालेल्या गावाभोवती चर खणून पहारे बसवावे, रोग्यास बळाने हलवावे, पहारा मोडील त्यास देहान्त शिक्षा द्यावी, असे अधिकार त्यात होते. व्यापाऱ्यांनी आणि स्वातंत्र्यप्रिय नागरिकांनी एवढा गिल्ला केला की, त्यातील अत्यंत कठोर कलमे पुढच्याच वर्षाच्या आरंभी रद्द करावी लागली. हा वाद ताजा असतानाच हे पुस्तक बाहेर पडले. तेव्हा साठ वर्षांपूर्वीच्या लंडनची हकीकत सांगण्याच्या मिषाने डीफो आपल्या काळच्या प्रश्नाविषयी बोलत आहे, हे त्याच्या प्रथम वाचकांस सांगावे लागले नसेल.

निवेदक 'एच. एफ.' एवढ्याच आद्याक्षरांनी आपली ओळख देतो. तो खोगीर विकणारा आहे. ऑल्डगेटच्या बाहेर राहतो. अमेरिकेतील वसाहतींशी उदीम करणाऱ्या व्यापाऱ्यांशी त्याचे देणेघेणे आहे. शहर सोडून जा, असे त्याचा भाऊ त्याला परोपरीने सांगतो. घोडा मिळत नाही, नोकर पळून जातो. आणि अखेर बायबल उघडताच जे स्तोत्र समोर येते त्यात ईश्वराच्या रक्षणाचे आश्वासन असते म्हणून तो राहतो. पण ह्या श्रद्धेच्या आड दुकान, वखार आणि तीत भरलेला माल आहे, हे तो लपवीत नाही. ह्या प्रामाणिकपणामुळेच त्याच्या साक्षीस किंमत येते. प्राण आणि द्रव्य ही दोन पारडी तो प्रथम स्वतःच्याच घरात तोलतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. १ जुलै १६६५ पासून लंडनच्या लॉर्ड मेयरचे हुकूम अमलात आले. ते सबंधच्या सबंध डीफोने पुस्तकात उतरवून घेतले आहेत. ज्या घरात रोगी सापडेल ते घर महिनाभर बंद. दारावर फूटभर लांबीची तांबडी फुली आणि तिच्या वर ईश्वराच्या दयेची याचना. बाहेर दिवसा एक आणि रात्री एक असे दोन पहारेकरी. आत रोगी आणि निरोगी सगळे एकत्र. ह्या घरबंदीवर एच. एफ. पुस्तकभर आघात करितो. त्याचा आक्षेप केवळ क्रौर्याचा नाही. तो म्हणतो की हा उपाय खर्च पुरेपूर करावयास लावतो आणि मोबदल्यात काहीच देत नाही. लोक मागल्या दाराने निसटले, खिडकीतून दोराने उतरले, पहारेकऱ्याला लाच देऊन गेले. एका ठिकाणी तर पहारेकऱ्यास दारूच्या स्फोटाने भाजून काढून घरची माणसे पळाली. जे पळाले ते निराश्रित होऊन रोग घेऊन हिंडले. आणि ज्याच्या अंगावर रोगाची खूण दिसते त्याला कोंडून उपयोग तरी काय? जो स्वतःला धडधाकट समजून बाजारात वावरतो, बोलतो, श्वास टाकतो, तोच रोग पसरवितो, हे त्याचे म्हणणे आहे. ही गोष्ट प्लेगला कितपत लागू पडते ह्याविषयी वैद्यकशास्त्र साशंक राहील. २०२० च्या रोगाला मात्र ती इतकी तंतोतंत लागू पडली की, ते पान त्या वर्षी वाचताना अंगावर काटा येई.

ह्या आक्षेपात आणखी एक धागा आहे, तो अधिक सूक्ष्म आहे. घर बंद झाले म्हणजे धंदा बंद झाला, गिऱ्हाईक तुटले, शेजारी तुटला. म्हणून लोक रोग लपवू लागले. मृत्यूचे कारण तपासणाऱ्या बायकांच्या हातावर पैसे ठेवून 'ठिपक्यांचा ताप', 'दात येणे' अशी कारणे नोंदविली जाऊ लागली. दर आठवड्यास निघणाऱ्या मृत्युपत्रकांत प्लेगचा आकडा लहान दिसे आणि इतर रोगांचे आकडे मात्र कारण नसता फुगत. एच. एफ. हे आकडे परगण्यापरगण्यांनी शेजारी शेजारी मांडतो आणि लबाडी कोठे आहे ते हिशेबनिसाच्या डोळ्याने दाखवितो. पत्रकांनी त्या वर्षात प्लेगचे म्हणून ६८,५९६ मृत्यू दाखविले. तो लाखाच्या खाली उतरावयास तयार नाही. ह्यावरून निघणारा सिद्धान्त त्याने सूत्ररूपाने कोठे सांगितला नाही, पण त्याच्या हकीकतीतून तो आपोआप निघतो: ज्या उपायाची किंमत रोग्याला एकट्याला आणि सबंधच्या सबंध द्यावी लागते, तो उपाय रोगाची बातमीच मारून टाकतो, आणि सरकार ज्या आकड्यांवर विसंबून हुकूम काढते ते आकडेच खोटे पडतात.

एच. एफ. स्वतः काही दिवस घरांची तपासणी करणारा अधिकारी नेमला गेला होता. नेमणूक दोन महिन्यांची. तीन आठवड्यांतच थोडे पैसे देऊन त्याने ते काम दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घातले आणि आपण मोकळा झाला. ज्या कायद्याचा आपल्याला तिटकारा आहे तो राबविण्याचे काम पैशाच्या जोरावर दुसऱ्यावर ढकलता येते, हे तो सहज सांगून जातो. त्या दुसऱ्या माणसाचे पुढे काय झाले ह्याची चौकशी तो करीत नाही. डीफोने हे मुद्दाम केले की त्याच्या हातून अभावितपणे झाले, हे सांगणे कठीण आहे. परंतु पुस्तकाचा अर्धा अर्थ ह्या दोन वाक्यांत आहे.

व्यापार कशाने थांबला, ह्या प्रश्नाला एच. एफ.ने दिलेले उत्तर आजच्या अर्थशास्त्र्यांनीही लक्षात घ्यावे असे आहे. २०२० साली जगभर एक वाद माजला होता: पैशाचे नुकसान टाळेबंदीने केले की रोगाने केले? एच. एफ.च्या हकीकतीत हुकूम निघण्यापूर्वीच दुकाने ओस पडलेली आहेत. दरबार शहर सोडून गेला, श्रीमंत लोक गाड्या भरून गावोगाव गेले, आणि त्यांच्यामागे फीत विणणारे, जरीकाम करणारे, शिंपी, चांभार, टोप्या करणारे हे सगळे एका आठवड्यात बेकार झाले. जहाजे येईनाशी झाली तेव्हा जकातीचे कारकून, होडीवाले, हमाल, गाडीवान बसले. नवे घर कोणी बांधीना, तेव्हा गवंडी, सुतार, काचकाम करणारे बसले. आणि प्रत्येक कुटुंबाने आपापला खर्च आखडता घेताच हजारो गडी आणि मोलकरणी रस्त्यावर आल्या. ह्या मोलकरणी साथीच्या आरंभी ज्योतिष्यांच्या दारी गर्दी करीत. मी जगेन की मरेन, एवढाच त्यांचा प्रश्न नसे. बाईसाहेब मला कामावर ठेवतील का, त्या गावी जाताना मला बरोबर नेतील का, हे त्या विचारीत. भीतीने पळालेल्या गिऱ्हाइकाला कोणत्याही हुकुमाने परत आणता येत नाही, हे ह्या वर्णनाचे तात्पर्य. ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सिव्हरसन ह्या दोन अमेरिकन अर्थशास्त्र्यांनी २०२० साली दुकानांतील वर्दळीचे आकडे तपासून असेच म्हटले: वर्दळ ६० टक्क्यांनी घटली होती, पण तीपैकी सरकारी निर्बंधांच्या नावावर जेमतेम ७ टक्क्यांइतकीच घट घालता येत होती, बाकीची लोकांच्या स्वतःच्या भयाची. सगळ्या देशांस हे प्रमाण लागू नाही. आपल्याकडे २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता घोषणा होऊन चार तासांत सारा देश बंद झाला, तेथे भयाला आपले काम करण्यास अवसरच मिळाला नाही. सगळे काम हुकुमाने केले, आणि त्या वर्षीच्या एप्रिल ते जून ह्या तिमाहीत देशाचे उत्पन्न सुमारे २४ टक्क्यांनी घसरले.

डीफो मोठा ठरतो तो मात्र अशा सामान्य सिद्धान्तांमुळे नव्हे. अंतर राखणे ही गोष्ट रोजच्या देवघेवीत प्रत्यक्ष कशी होते, हे त्याने ज्या बारकाईने दाखविले आहे त्या बारकाईला तोड नाही. मांस घ्यावयास गेलेली बाई खाटकाच्या हातून ते घेत नाही. आकड्यावरून स्वतः काढून घेते. खाटीक तिचे नाणे हाताला लावीत नाही. शिरक्याने भरलेल्या भांड्यात ते तिला टाकावयास लावतो. मोड परत घ्यावी लागू नये म्हणून गिऱ्हाईक जवळ सुटे पैसे बाळगून असते. लॉर्ड मेयर लोकांची गाऱ्हाणी ऐकावयास आपल्या दिवाणखान्यात एक बुटकी गॅलरी बांधून घेतो आणि गर्दीपासून थोडा दूर उभा राहतो. पण शहर सोडून जात नाही. पावाचे वजन तर एच. एफ.ने जपून ठेवले आहे: मार्चच्या आरंभी एका पेनीस साडेदहा औंसांचा पाव मिळे, साथीच्या ऐन भरात साडेनऊ औंसांचा, आणि नोव्हेंबरात पुन्हा साडेदहाचा. लाखभर माणसे मरत असताना पाव एका औंसाने काय तो हलका झाला! भट्ट्या चालू राहतील आणि बाजाराच्या वाटा मोकळ्या राहतील ह्याची नगरपालांनी सक्त व्यवस्था ठेवली होती. टीकाकार ह्या पावाच्या ओळी ओलांडून खड्ड्याकडे धावतात, ह्याचे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे.

ब्लॅकवॉलच्या नावाड्याची गोष्ट ह्याच जातीची. साऱ्या पुस्तकात तिच्याइतका हृद्य प्रसंग दुसरा नाही. नावाड्याच्या घरात रोग शिरला आहे; बायकामुले आत आहेत. तो घरात पाऊल टाकीत नाही, रात्री होडीतच निजतो. नदीत जहाजांवर जी कुटुंबे आपण होऊन अलग राहिली आहेत त्यांस दिवसभर सामान पोचवून तो जे मिळवितो ते घरापासून काही अंतरावर एका दगडावर ठेवतो, मागे सरतो आणि बायकोला हाक मारतो. ती येऊन घेऊन जाते. दोघे लांबूनच बोलतात. एच. एफ.च्या डोळ्यांना पाणी येते. आम्हांस ह्या प्रसंगात आणखी एक गोष्ट दिसते. नावाड्याचे अंतर राखणे त्याच्या मजुरीवर उभे आहे आणि ती मजुरी जहाजांवरील श्रीमंतांच्या अंतर राखण्यावर उभी आहे. ज्याच्या कोठारात धान्य आहे तोच दार लावून बसू शकतो. त्याला बसता यावे म्हणून कोणीतरी वल्हे मारीत राहावे लागते. एच. एफ. स्वतः पीठ, माल्ट, लोणी आणि चीज भरून काही काळ घरात बसला होता. काही डच व्यापारी तर वेढा पडलेल्या किल्ल्याप्रमाणे घरात राहिले आणि वाचले. भाकरी आणावयास दररोज बाहेर जावे लागणे हाच शहराच्या नाशाचा मोठा मार्ग झाला, असे तो स्पष्ट म्हणतो.

त्याच साथीत डर्बीशायरमधील ईयम गावाने आपण होऊन स्वतःला कोंडून घेतले, ही गोष्ट पुष्कळ वेळा त्यागाचा आदर्श म्हणून सांगण्यात येते, आणि ते योग्यही आहे. पण शिवेवरच्या दगडातील खळग्यात शिरका ओतून गावकरी त्यात नाणी ठेवीत आणि बाहेरचे लोक धान्य ठेवून जात. शिवाय जवळच्या चॅट्सवर्थच्या अर्ल ऑफ डेव्हनशायरने अन्न पुरविले, असे परंपरा सांगते. त्यागाला रसद लागते.

आता पुस्तकातील सर्वांत कठीण स्थळाकडे आले पाहिजे. बेकार झालेल्या गरिबांचे काय झाले? धर्मादाय पैसा पुष्कळ आला, राजाकडूनही दर आठवड्यास मोठी रक्कम येत असल्याची वदंता होती, हे एच. एफ. सांगतो. काम गेलेल्या पुरुषांस बंद घरांवर पहारा करण्याचे आणि प्रेते वाहण्याचे काम मिळाले. मोलकरणींस रोग्यांच्या शुश्रूषेचे मिळाले. म्हणजे साथीने जे काम हिरावून घेतले त्याच्या जागी साथीनेच काम दिले, पण ते मरणाच्या तोंडचे. आणि ह्यापुढे तो जे लिहितो ते वाचून प्रथम मन दचकते. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ह्याच वर्गातील तीसचाळीस हजार माणसे प्लेगने नेली. ती जगली असती तर शहराला त्यांचा भार झेपला नसता, भुकेने त्यांनी लूटमार केली असती. तेव्हा तो मृत्यू एका अर्थी शहराची सुटकाच होय, असे तो म्हणतो!

येथे उपरोध आहे असे म्हणून डीफोची सुटका करून घेण्याचा मोह होतो. बी. ए. च्या वर्गात हे पान आले म्हणजे कोणीतरी विद्यार्थी हमखास स्विफ्टचे नाव घेतो. परंतु स्विफ्टचा दाखला येथे लागू पडत नाही. स्विफ्टचा हिशेबनीस हे सोंग आहे, ते सोंग म्हणून ओळखावे अशीच त्याची इच्छा आहे. एच. एफ. मात्र सोंग करीत नाही. तो दयाळू आहे, नावाड्याला पैसे देताना रडतो. आणि तोच मनुष्य खतावणीच्या दुसऱ्या पानावर तीसचाळीस हजार माणसे जमेच्या बाजूस लिहितो. दोन्ही पाने एकाच हाताची आहेत. आमच्या मते डीफोने येथे मध्यमवर्गीय सज्जनाच्या मनाचा जो तळ दाखविला आहे तो इंग्रजी कादंबरीत त्यापूर्वी कोणी दाखविला नव्हता. एकटा गरीब समोर आला की ह्या सज्जनाला पाझर फुटतो. गरिबांचा समुदाय आकड्यात आला की त्याला भीती वाटते. २०२० साली 'काही वृद्ध तसेही गेलेच असते' अशा अर्थाची वाक्ये सुशिक्षित घरांतील जेवणाच्या टेबलांवर ज्यांनी ऐकली असतील, त्यांना एच. एफ. तीन शतके जुना वाटणार नाही.

तरीही पुस्तकाचा ह्या बाबतीत मोठा दोष आहे, तो सांगितला पाहिजे. खर्च कोणावर पडला हे एच. एफ. इतक्या चोख रीतीने मांडतो की, आता तो खर्च कोणी कसा उचलावा हे तो सांगेल अशी वाचकाची अपेक्षा होते. तेथे तो थबकतो. रोग्यांसाठी शहराबाहेर पुरेशी इस्पितळे असती तर घरबंदीची गरज पडली नसती. पुन्हा साथ आलीच तर लाखो लोकांना एका ठिकाणी दाटीत ठेवण्यापेक्षा वेळीच लहान लहान टोळ्यांनी दूर पाठवावे. एवढ्या दोन सूचना तो करितो. त्या शहाणपणाच्या आहेत. परंतु ज्या कायद्याच्या आधाराने घरे बंद झाली, त्याच कायद्यात ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर होते, हे त्याच्या लक्षात यावयास हवे होते. पहिल्या जेम्सच्या कारकीर्दीच्या आरंभीचा तो कायदा. त्याच्या शीर्षकातच प्लेग झालेल्या लोकांना 'धर्मार्थ साह्य' हे शब्द आधी येतात आणि त्यांची 'व्यवस्था' मागून. कोंडलेल्या गरिबांस पोसण्यासाठी कर बसविण्याचा अधिकार त्यात दिलेला होता. कोंडावयाचे तर खाऊही घालावयाचे, ही समजूत त्यात होती. अंमल कितीही अपुरा झाला तरी समजूत होती.

ह्या ठिकाणी आमचे लक्ष आपल्या घराकडे गेल्यावाचून राहत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेग ओळखला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा पास झाला. तो अवघ्या चार कलमांचा. सरकारला वाटेल तो नियम करण्याचा अधिकार, न पाळणाऱ्यास शिक्षा, आणि अंमलदारांवर फिर्याद करता येऊ नये अशी तजवीज. साह्याचा एक शब्द त्यात नाही. रँडच्या अमदानीत गोऱ्या शिपायांनी पुण्यातील घरे कशी धुंडाळली, माजघरात आणि देवघरात बूट कसे शिरले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याचा शेवट काय झाला, हे मराठी वाचकास सांगावयास नको. सांगावयाचे ते एवढेच की, २०२० साली ह्याच चार कलमांच्या कायद्याचा आधार पुन्हा घेण्यात आला. धान्य पुढे दिले गेले, दरमाणशी पाच किलो मोफत, आणि त्याने पुष्कळांचे प्राण वाचले. पण ते कायद्याबाहेरून, मागाहून, आणि ज्याचे शिधापत्रक गावी होते आणि जो स्वतः भिवंडीत किंवा सुरतेत होता त्याच्यापर्यंत उशिराच पोहोचले.

म्हणूनच पुस्तकाच्या मध्यावरील तीन बंधूमित्रांची लांबलचक कथा, जिला काही वाचक कंटाळतात, आम्हांस महत्त्वाची वाटते. एक बिस्किटे भाजणारा, एक शिडे शिवणारा, एक सुतार. शहरात काम नाही, निवारा नाही. म्हणून हे तिघे तंबू बरोबर घेऊन पायी निघतात. प्रत्येक गावचा शिपाई त्यांस अडवितो. बिस्किटवाला जॉन, जो पूर्वी शिपाईगिरी केलेला आहे, रस्ता सगळ्या प्रजेचा आहे आणि सारे राज्य हीच आपली जन्मभूमी आहे, असा युक्तिवाद करितो. वॉल्थमस्टो येथे तो काठ्यांना बंदुकांचा आकार देऊन मोठी फौज असल्याचा देखावा करितो, आणि गावकरी भिऊन दुरूनच अन्न पोचवितात. कथेत विनोद आहे, आणि एपिंगच्या रानात ती सुखाने संपते. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेरुळांवर निजलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून ते भुसावळच्या वाटेला लागले होते. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरल्या होत्या. त्यांच्यापाशी जॉनची चतुराई नव्हती असे नाही; त्यांच्या वाटेवर त्यांना पाहून भिणारे, आणि म्हणून खाऊ घालणारे, गावच नव्हते.

शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर एच. एफ. कित्येक ठिकाणी चुकलेला आहे. प्लेगचा जंतू १८९४ साली येर्सिनने हाँगकाँगमध्ये शोधला आणि उंदरावरील पिसवा तो माणसात आणतात हे सिमोंने १८९८ साली कराचीत दाखविले. ह्या ज्ञानाच्या उजेडात घरबंदी अधिकच भयंकर दिसते, कारण निरोगी माणसांना उंदरांच्या सोबतीस कोंडले जात होते. शहरातली कुत्री आणि मांजरे मारविण्यात आली, हेही एच. एफ. सांगतो, चाळीस हजार कुत्री आणि दोन लक्ष मांजरे हा त्याने ऐकलेला आकडा. उंदरांनाही विष घातले, असे तो जाता जाता म्हणतो. उपायांच्या एवढ्या मोठ्या यादीत हा एकच नेमका जागी पडला, आणि तो कोणी मोजला नाही!

साथ ओसरू लागते तेव्हाची पाने सगळ्यांत चटका लावणारी आहेत. आकडा उतरला अशी बातमी येताच लोकांनी अंतर झुगारून दिले. दुकाने उघडली, अनोळखी माणसे रस्त्यात एकमेकांचे हात धरू लागली; वैद्य ओरडत राहिले, त्यांचे कोणी ऐकले नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आकडा पुन्हा चढला. एच. एफ. ह्या लोकांवर रागावतो, पण त्यांना समजूनही घेतो. चार महिने ज्याची चूल विझलेली आहे त्याला आणखी तीन आठवडे थांब म्हणून सांगणे किती कठीण, हे त्याला ठाऊक आहे. बाहेरचा व्यापार मात्र इतक्या लवकर उघडला नाही. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीच्या बंदरांनी इंग्रजी जहाजे दारातून परत लाविली, आणि डच व्यापाऱ्यांनी इंग्रजांचाच माल फिरवून विकून नफा केला. मग १६६६ ची आग आली. घरे आणि मालाची कोठारे जळाली. ती भरून काढण्यास एवढी मागणी झाली की, पुढील सात वर्षांत इंग्लंडातील कारागिरांस कधी नव्हे इतके काम मिळाले, असे तो लिहितो. जमाखर्च जुळला. फक्त ज्यांनी खर्च सोसला ते आणि ज्यांच्या वाट्यास जमा आली ते, हे एकच नव्हते. हे तो लिहीत नाही.

पुस्तकाच्या उत्तरभागात त्याने प्लेगसाठी खणलेल्या स्मशानभूमींची एक यादी दिली आहे. वाङ्मयदृष्ट्या ती नीरस आहे. कोणत्या जागेचे पुढे काय झाले, हे तो शेतजमिनीचा दस्तऐवज लिहावा तसे लिहितो. बिशप्सगेटच्या एका जागेवर काही वर्षांतच घरे उठली. पाया खणताना देह उघडे पडले, काही बायकांच्या कवट्यांवर लांब केस अजून शाबूत होते. ती सगळी हाडे एका कोपऱ्यात खोल खड्ड्यात लोटून काम पुढे चालू झाले. ओल्ड बेथलेमच्या जागेपाशी येताच एक टीप आहे: ह्या रोजनिशीचा लेखक ह्याच भूमीत पुरला आहे, बहिणीशेजारी, स्वतःच्या इच्छेने. कल्पित मनुष्याचे हे कल्पित थडगे. ती भूमी आज लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनाच्या पोटात आहे. नव्या रेल्वेसाठी २०१५ साली तेथे खोदकाम झाले, तेव्हा तीन हजारांवर सांगाडे निघाले; त्यांपैकी एका सामुदायिक खड्ड्यातील काहींच्या दातांत प्लेगचा जंतू सापडल्याचे २०१६ साली जाहीर झाले, आणि १६६५ चा रोग तोच होता हे प्रथम सिद्ध झाले. २०२२ पासून त्या मार्गाने गाड्या धावत आहेत.